दिवा विझवणाऱ्याच्या पदरात काय?

सरकारी इमारतींत ऊर्जाबचत करायचं ठरलं की सगळ्यात आधी परिपत्रक निघतं. खोली सोडताना दिवे बंद करावेत, वातानुकूलन अमुक अंशांच्या खाली नेऊ नये, दिवसा शक्यतो खिडकीच्या उजेडात काम करावं. खाली सही, शिक्का आणि ‘प्रत माहिती व कार्यवाहीसाठी’. देश कुठलाही असो, मजकूर जवळपास हाच असतो. बदलतो तो फक्त अंशांचा आकडा.

अमेरिकेत १९७९ साली कार्टर सरकारने बिगरनिवासी इमारतींसाठी नियम काढला होता. उन्हाळ्यात ७८ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सिअसच्या खाली गारवा न्यायचा नाही आणि हिवाळ्यात ६५ फॅरेनहाइटच्या, म्हणजे अठराच्या वर ऊब न्यायची नाही. चीनने २००७ मध्ये उन्हाळ्यासाठी २६ आणि हिवाळ्यासाठी २० हे आकडे धरले. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोपात येणारा रशियन गॅस आटला, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये स्पेनने २७ आणि १९ ठरवले. जर्मनीने १ सप्टेंबरपासून सरकारी कचेऱ्यांतल्या बैठ्या कामाच्या खोल्यांना १९ अंशांची कमाल मर्यादा घातली. मधल्या मार्गिकांतले हीटर बंद, हात धुण्याचं गरम पाणी बंद, इमारतींवरची रोषणाई बंद.

यातला अमेरिकेतला नियम रेगन सरकारने १९८१ मध्ये आल्या आल्या काढून टाकला. (कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवायला सौर पॅनेल बसवून घेतली होती. ती १९८६ मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी उतरवली आणि पुन्हा चढवली गेली नाहीत. दुरुस्तीचं निमित्त फार कामाला येतं.) जर्मनीचा आदेश मुळातच तात्पुरता होता, त्याची मुदत एप्रिल २०२३ मध्ये संपली. अशा आदेशांचं आयुष्य टंचाईएवढंच असतं.

आदेश निरुपयोगी असतात असं मला म्हणायचं नाही. वातानुकूलनाचं तापमान एका अंशाने वर ठेवलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. जपानमध्ये २०११ साली फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर तोक्यो आणि तोहोकू भागातल्या मोठ्या वीजग्राहकांना उन्हाळ्यातली कमाल मागणी १५ टक्क्यांनी कमी करायला लावली, आणि तो उन्हाळा भारनियमनाशिवाय निभावला. संकट दिसत असलं की माणसं ऐकतात. पण सार्वजनिक इमारत चाळीस-पन्नास वर्षं उभी असते आणि तेवढा काळ टिकणारं संकट कुठलंच सरकार कर्मचाऱ्यांसमोर जिवंत ठेवू शकत नाही.

जपानमधलीच दुसरी गोष्ट इथे जास्त बोलकी आहे. तिथे २००५ मध्ये पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ‘कूल बिझ’ मोहीम सुरू केली. कार्यालयांत उन्हाळ्यात २८ अंश ठेवायचे, आणि त्यासाठी कोट-टाय सोडायचा. मंत्री स्वतः टायविना फिरू लागले. ही मोहीम टिकली, कारण तिने नुसता आकडा सांगितला नाही, आकडा पाळण्याच्या आड येणारी अडचण दूर केली. ज्याला वरिष्ठांसमोर कोट घालूनच उभं राहावं लागतं, त्याला २८ अंशांत बसायला सांगणं हा छळ आहे. तो पहिली संधी मिळताच बटण खाली करणार. धोरण म्हणून या मोहिमेचं मोल त्या २८ पेक्षा काढून ठेवलेल्या टायमध्ये जास्त आहे.

मग सरकारी इमारतींतली खरी अडचण कोणती? माझ्या मते ती यंत्रांत नाही, माणसांच्या बेफिकिरीतही नाही. ती पैशाच्या वाटेत आहे. एकाने इमारत बांधलेली असते, दुसरा तिची देखभाल करतो, तिसऱ्याच्या लेखाशीर्षातून वीजबिल जातं आणि चौथा तिथे बसून काम करतो. बांधणाऱ्याचं यश कशात मोजतात, तर अंदाजपत्रकात आणि मुदतीत. देखभाल करणाऱ्याचं तक्रारी न येण्यात. बिल भरणारा ते वेळेवर भरतो की नाही एवढंच पाहिलं जातं. आणि बसणाऱ्याला बिल कधी दिसतच नाही. या चौघांपैकी कुणीही वीज वाचवली तर फायदा उरलेल्या तिघांपैकी कुणाचा तरी होतो, किंवा कुणाचाच होत नाही.

त्यावर कडी म्हणजे अर्थसंकल्पाचा नियम. विजेसाठी ठेवलेली तरतूद खर्च झाली नाही, तर बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेर परत जाते आणि पुढच्या वर्षीची तरतूद तेवढ्याने कापली जाते. म्हणजे काटकसर केली की पुढच्या वर्षी हात आखडलेला. एखादा तडाखेबंद उन्हाळा आला की तोच कार्यालयप्रमुख पुरवणी मागणी घेऊन उभा, आणि ‘गेल्या वर्षी एवढ्यात भागलं होतं ना?’ हे ऐकून घ्यायचं. शहाणा अधिकारी अशा वेळी काय करतो ते सांगायला नको. तो बिल तरतुदीच्या जवळपास ठेवतो. तरतुदीत बसणाऱ्या फुगलेल्या बिलावर लेखापरीक्षक आक्षेप घेत नाही. पण सर्वात कमी दराची निविदा सोडून थोडी महाग आणि कमी वीज खाणारी मोटर घेतली, तर आक्षेप ठरलेला. ती मोटर तिच्या आयुष्यात खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट वीज खाणार असते, पण खरेदी एका फायलीत आणि वीज दुसऱ्या फायलीत, त्यामुळे ही बेरीज कुणाच्या टेबलावर होत नाही.

याचा परिणाम पाहायचा तर मोठ्या कार्यालयाच्या यंत्रखोलीत जावं. तिथे हवा खेळवणाऱ्या पंख्याच्या पॅनेलवर तीन खुणांचं एक बटण असतं. मधोमध ‘बंद’, एका बाजूला ‘ऑटो’, दुसऱ्या बाजूला ‘हँड’. ऑटोवर असलं की पंखा वेळापत्रकाने आणि तापमान पाहून चालतो, हँडवर असलं की हाताने बंद करेपर्यंत चालतच राहतो. कधीतरी एखादा सेन्सर बिघडतो, वरच्या मजल्यावरून ‘गुदमरतंय’ अशी तक्रार येते, आणि ऑपरेटर बटण हँडवर फिरवतो. तक्रार थांबते. सेन्सर मागवायचा तर मागणीपत्र, दरपत्रकं, मंजुरी. म्हणून बटण तसंच राहतं. पंखा रात्री चालतो, रविवारी चालतो, सुट्टीत रिकाम्या इमारतीत पूर्ण वेगाने चालतो. भौतिकशास्त्र असं आहे की पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग वीस टक्क्यांनी कमी केला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते. त्या एका बटणात दडलेली बचत कॉरिडॉरमधल्या सगळ्या ‘दिवे बंद करा’ स्टिकरांहून मोठी असू शकते. पण ऑपरेटरला ऑटोवर आणल्याबद्दल काही मिळत नाही, आणि आणल्यावर तक्रार आली तर बोलणी मात्र त्यालाच बसतात. मी त्याच्या जागी असतो तरी बटण हँडवरच ठेवलं असतं.

म्हणूनच मला वाटतं, कुठल्याही इमारतीचं पहिलं परीक्षण रात्री दोन वाजताच्या मीटरवर करावं. आत कुणी नाही, तरी किती वीज जाते? त्या आकड्यात सर्व्हर आणि सुरक्षेचे दिवे येतात, ते समजू शकतं. बाकी जे उरतं ते सगळं कुणीतरी कधीतरी चालू करून विसरलेलं असतं. त्यासाठी तासातासाची नोंद ठेवणारा मीटर प्रत्येक इमारतीला स्वतंत्र हवा. एकाच आवारातल्या सात-आठ इमारतींना मिळून एक बिल येत असेल, तर कुठल्याही धोरणाची चर्चा तिथेच थांबते.

युरोपीय संघाने दुसरी वाट धरली. २०१२ च्या निर्देशाने सदस्य देशांच्या केंद्र सरकारांच्या मालकीच्या आणि वापरातल्या इमारतींपैकी दरवर्षी तीन टक्के क्षेत्रफळाचं नूतनीकरण २०१४ पासून बंधनकारक केलं. ऐकायला भारदस्त वाटतं. पण तीन टक्क्यांनी सगळं क्षेत्र पुरं व्हायला तेहतीस वर्षं लागतात, आणि केंद्र सरकारचं क्षेत्र म्हणजे एकूण सार्वजनिक इमारतींचा लहानसा कोपरा. शाळा, इस्पितळं, नगरपालिका त्यात नव्हत्याच. शिवाय तेवढीच बचत दुसऱ्या मार्गाने दाखवायची मुभा होती आणि बऱ्याच देशांनी ती घेतली. २०२३ च्या सुधारित निर्देशाने हे पुष्कळसं दुरुस्त केलं. तीन टक्क्यांचं बंधन आता सगळ्या सार्वजनिक संस्थांच्या इमारतींना लागू होतं, आणि सार्वजनिक क्षेत्राने २०२१ च्या तुलनेत आपला एकूण ऊर्जावापर दरवर्षी १.९ टक्क्यांनी उतरवावा असं लक्ष्य आहे. लक्ष्य वापरावर आलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. किती भिंतींना उष्णतारोधक थर दिला, हे मोजणं सोपं असतं. त्या थरानंतर बिल उतरलं का, हा खरा प्रश्न. आराखड्यात दाखवलेली बचत आणि प्रत्यक्ष मीटरवरची बचत यांत मोठी तफावत पडते, हे या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. नवी कोरी, प्रमाणपत्र मिळवलेली इमारतही हँडवर ठेवलेल्या बटणाने चालू शकते.

मोजून भिंतीवर लावणं ही कल्पना ब्रिटनने राबवून पाहिली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ पासून, लोकांचा वावर असलेल्या सार्वजनिक इमारतींना ‘ए’ (सर्वात चांगली) ते ‘जी’ (सर्वात वाईट) अशी श्रेणी दाखवणारं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावं लागतं. ही श्रेणी कागदावरच्या हिशेबातून येत नाही, प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेवरून ठरते. सुरुवातीला हजार चौरस मीटरच्या वरच्या इमारतींना लागू होतं, पुढे मर्यादा २५० पर्यंत खाली आणली. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ मध्ये कार्यालयांसाठी सुरू केलेली तारांकन योजनाही प्रति चौरस मीटर वार्षिक युनिटांवरच चालते, मात्र ती ऐच्छिक आहे. ब्रिटनच्या योजनेत प्रमाणपत्रासोबत सुधारणांचा सल्लाही येतो, पण तो अमलात आणणं बंधनकारक नाही. ‘जी’ श्रेणी भिंतीवर टांगून एखादी कचेरी वर्षानुवर्षं निवांत राहू शकते. लाज वाटावी यासाठी लाज वाटण्याचं कुणालातरी कारण हवं, आणि ते कारण पुन्हा पैशापाशीच येतं.

पैशाची वाट बदलून पाहिलेल्यांची उदाहरणं आहेत, आणि ती आश्चर्य वाटावं इतकी साधी आहेत. हॅम्बुर्ग शहराने १९९४ मध्ये शाळांसाठी ‘फिफ्टी-फिफ्टी’ योजना काढली. शाळेने वीज, ऊब आणि पाणी यांत जेवढी बचत केली, तिची निम्मी रक्कम शाळेला वापरायला मिळायची, निम्मी शहराच्या तिजोरीत राहायची. एवढंच. त्यानंतर वर्गाचं तापमान कोण पाहतं, खिडकी उघडी ठेवून हीटर कोण चालवतं, सुट्टीत बॉयलर का चालू असतो, हे प्रश्न मुलंच विचारू लागली. ही कल्पना पुढे युरोपातल्या पुष्कळ शाळांत गेली. तिला नवं यंत्र लागत नाही. लागते ती वित्त विभागाची एका वाक्याची मान्यता, आणि ती मिळवणं मात्र यंत्र मिळवण्यापेक्षा अवघड असतं.

स्टुटगार्टने १९९५ मध्ये आणखी एक युक्ती केली. पालिकेच्याच पर्यावरण विभागात एक फिरता निधी ठेवला. शाळेला, पोहण्याच्या तलावाला, कार्यालयाला सुधारणा करायची असेल तर निधीतून बिनव्याजी पैसे मिळतात. बिलात झालेली बचत त्या निधीकडे परत जाते, रक्कम फिटेपर्यंत. फिटली की पुढची बचत त्या इमारतीची, आणि निधीतले पैसे दुसऱ्या इमारतीसाठी मोकळे. बाहेरचा सावकार नाही, नफेखोर ठेकेदार नाही. ब्रिटनमध्ये सॅलिक्स फायनान्स या सरकारी संस्थेने २००४ पासून सार्वजनिक संस्थांना बिनव्याजी कर्जं देण्याचं काम याच विचाराने केलं. मला विचाराल तर कुठल्याही राज्याने किंवा महापालिकेने आधी हा मार्ग चोखाळावा आणि मगच खासगी भागीदारीकडे पाहावं.

कारण खासगी भागीदारीला कंगोरे आहेत. पद्धत अशी की ठेकेदार कंपनी स्वतःच्या पैशाने सुधारणा करते, ठरावीक बचतीची हमी देते, आणि वाचलेल्या बिलातून आपली वसुली करते. अमेरिकेत केंद्र सरकारच्या इमारतींसाठी असे करार २५ वर्षांपर्यंत करता येतात. सरकारकडे भांडवल नसेल तर हे फार सोयीचं. पण नफा पाहणारा ठेकेदार आधी दिवे बदलतो, कारण एलईडीचा खर्च लवकर वसूल होतो. छताचा थर, खिडक्या, छायेसाठी पडद्या, यांची वसुली व्हायला काही दशकं लागतात, म्हणून तो तिकडे फिरकत नाही. वरची साय त्याने खाल्ली की खालचं पातळ दूध सरकारच्या वाट्याला, आणि मग त्या उरलेल्या कामांचा हिशेब एकट्याने कधीच जमत नाही. बर्लिनने १९९६ पासून यावर उतारा काढला. चांगल्या आणि वाईट इमारतींचे गट बांधून पूर्ण गटाची निविदा काढायची, सोपी तेवढीच निवडता येऊ द्यायची नाहीत. हजाराहून जास्त इमारती या वाटेने गेल्या. अशी अट नसलेला करार मला सही करण्याच्या लायकीचा वाटत नाही.

या पद्धतीची आणखी एक आडकाठी हिशेबशास्त्रातली होती, आणि ती बरीच वर्षं कुणाच्या लक्षात येण्याजोगी नव्हती. ठेकेदाराने घातलेला पैसा सरकारचं कर्ज म्हणून धरला जाई. कर्जाच्या मर्यादेशी झगडणाऱ्या युरोपीय नगरपालिका त्यामुळे बचतीच्या करारांनाच घाबरत. युरोस्टॅट या सांख्यिकी संस्थेने २०१७ मध्ये नियमांचा खुलासा केला आणि २०१८ मध्ये युरोपीय गुंतवणूक बँकेबरोबर मार्गदर्शिका काढली, तेव्हा कुठे योग्य प्रकारे आखलेले करार कर्जाच्या खात्याबाहेर ठेवण्याची वाट मोकळी झाली. कुठल्याही ऊर्जामंत्र्याच्या भाषणात या गोष्टीला टाळ्या पडणार नाहीत. पण सार्वजनिक इमारतींचं भलं अशाच नीरस दुरुस्त्यांनी होतं.

भाड्याच्या जागांचाही विसर पडायला नको. सरकार पुष्कळदा भाडेकरू असतं, आणि भाडेकरूला भिंती बदलता येत नाहीत. अमेरिकेने २००७ च्या कायद्यात सरकारी कार्यालयांनी, काही अपवाद सोडून, एनर्जी स्टार (ऊर्जाबचतीचं सरकारी मानचिन्ह) मिळालेल्या इमारतींतच जागा घ्यावी असं ठरवलं. मोठ्या भाडेकरूने असा हट्ट धरला की घरमालक आपोआप सुधारतात. ‘सरकारने समाजासमोर आदर्श ठेवावा’ हे वाक्य धोरणांत नेहमी येतं, पण कचेरीचा दिवा पाहून कुणी घरचा दिवा बदलल्याचं मला दिसलेलं नाही. सरकारची ताकद आदर्शात कमी आणि गिऱ्हाईक म्हणून जास्त आहे. शिवाय इमारत दोन पिढ्या आपल्याकडेच राहणार हे ज्याला नक्की ठाऊक आहे असा मालक सरकारच. वीस वर्षांनी वसूल होणारा खर्च त्याने नाही केला तर कोण करणार?

आता माझ्या मताविरुद्धचा सर्वात वजनदार मुद्दा. बचतीतला वाटा इमारतीला द्यायचा, तर बचत कशाच्या तुलनेत मोजायची? मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर टक्के लावले, तर ज्याने आजवर उधळपट्टी केली तो बक्षीस घेऊन जातो आणि जो आधीपासून जपून वागत होता त्याच्या हाती भोपळा येतो. काही बहाद्दर तर पायाभूत वर्षात मुद्दाम बिल फुगवतील. म्हणून टक्केवारीऐवजी प्रति चौरस मीटर वापर आणि त्याच प्रकारच्या इमारतींची सरासरी धरावी, आणि उन्हाळा-हिवाळा किती कडक गेला याची दुरुस्ती करावी. हे काम किचकट आहे, त्यावर भांडणं होतील. होऊ द्यावीत, निदान ती मीटरच्या आकड्यांवर होतील.

पण प्रति चौरस मीटरच्या हिशेबालाही एक जागा अशी आहे जिथे तो अन्याय करतो. जगातल्या गरीब भागांतल्या कितीतरी शाळांत आणि आरोग्य केंद्रांत विजेचा वापर कमी दिसतो. तिथे कुणी काटकसर करत नाही. तिथे पंखाच नसतो, लसींचा शीतकपाट धडपणे चालत नाही, संध्याकाळी दिवा नसतो म्हणून दार लवकर बंद होतं. तक्त्यात अशी इमारत पहिल्या नंबरावर येते. तिला बचतीचं लक्ष्य देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणं. अशा ठिकाणी वापर वाढणं हेच धोरणाचं यश धरायला हवं, फक्त तो वाढताना कमी वीज खाणाऱ्या पंख्याने आणि तापणार नाही अशा छताखाली वाढावा. म्हणून नोंदवहीत युनिटांच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत: खोलीचं तापमान आणि सेवा किती तास मिळाली. युनिटं उतरली पण हे दोन आकडे बिघडले, तर त्या वर्षाची बचत हिशेबात धरायची नाही आणि तिचा वाटाही कुणाला द्यायचा नाही.